मत्स्यपेटीतील पाण्याचा ताळेबंद



आपल्या समाजातील अनेक घरांत आणि पेढ्यांवर आज चार-सहा फुटांच्या मत्स्यपेट्या दिसतात. कोणी वास्तूच्या सल्ल्याने आणली, कोणी नातवंडांच्या हट्टाखातर, तर कोणाकडे ती गृहप्रवेशाची भेट म्हणून आली. जलचर जिवाला काचेत कोंडून ठेवणे श्रावकाला शोभते काय, हा प्रश्न अनेक जण विचारतात. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ स्पष्टपणे सांगितला आहे. त्यामुळे नवी पेटी घेऊ नये, असे माझे मत आहे. परंतु जी घरात आहे तिचे काय? ऑस्करसारखा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. पर्युषणात दयाभावाने त्याला तलावात सोडणे ही जीवदया नव्हे. ‘सकर’ या नावाने विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील मासा असाच सोडला जाऊन आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे आणि तेथील मूळच्या माशांच्या मुळावर उठला आहे. तेव्हा आहे त्या जिवाला अखेरपर्यंत नीट सांभाळणे, एवढाच मार्ग उरतो.

त्याच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ही आहे. अन्नाच्या बाबतीत माशांची उपेक्षा सहसा होत नाही. उलट येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर टाकून पुण्य जोडतो. (खाद्याच्या डब्यातील मासळीच्या भुकटीचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.) उपेक्षा होते ती पाण्याची. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. गाळणयंत्रातील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये घातक, तिसरे त्या मानाने सौम्य. परंतु ते गाळणयंत्राने निघत नाही, साचत राहते. पाणी कितीही नितळ दिसले तरी थकबाकी वाढतच असते. ती कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जुने पाणी काढून नवे घालणे. चारशे लिटरच्या पेटीचे निम्मे पाणी दर रविवारी बादल्यांनी बदलण्याचा उत्साह फार तर तीन महिने टिकतो.

येथे ठिबक पद्धत उपयोगी पडते. शेतातील ठिबक सिंचन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती लगेच उमगेल. गच्चीवरील टाकीतून एक बारीक नळी आणावी, ती गाळणी व कार्बनच्या नळकांड्यातून फिरवावी आणि तिच्या टोकाला तासाला दोन लिटर पाणी सोडणारा ड्रीपर बसवावा. पेटीच्या दुसऱ्या टोकाला, काठाच्या खाली, टँक निपल बसवून जादा पाणी आपोआप बाहेर जाऊ द्यावे. दोन्ही तोंडे समोरासमोरच्या टोकांना असावीत, नाहीतर नवे पाणीच निघून जाते. पाणी गाळून वापरण्याची आपली सवय जुनी आहे. येथे गाळणीच्या जोडीला कार्बन हवा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. कार्बनचे नळकांडे मुदतीत बदलावे, ही नोंद दिवाळीच्या वहीपूजनाइतकी पक्की असावी.

आता हिशेब. चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटीत, वरची पाच सेंटिमीटर जागा व तळाची वाळू वगळता, सुमारे 400 लिटर पाणी असते. ताशी 2 लिटर म्हणजे दिवसाला 48 लिटर, आठवड्याला 336 लिटर. येथे पुष्कळांचा समज होतो की 84 टक्के पाणी बदलले. तसे होत नाही. निघणाऱ्या प्रत्येक थेंबात थोडे नवे पाणीही मिसळलेले असते. व्यापारी वाचकांना हे सांगण्यास घसाऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे: मूळ किमतीवर दरवर्षी तेवढीच रक्कम वजा करणे निराळे आणि उरलेल्या शिलकेवर टक्केवारी लावणे निराळे. ठिबक हा दुसरा प्रकार, तोही क्षणोक्षणी चालणारा. प्रत्यक्षात आठवड्याअखेर जुन्यापैकी सुमारे 57 टक्के पाणीच बदललेले असते. एवढाच बदल बादलीने 228 लिटरमध्ये एका बैठकीत होतो. म्हणजे ठिबकला शंभरावर लिटर पाणी अधिक लागते. विक्रेते ही पद्धत पाण्याची बचत करणारी म्हणून सांगतात, ते खरे नाही. तिचा लाभ नियमितपणात आहे: नायट्रेटची पातळी आठवडाभर चढत जाऊन एकाएकी कोसळत नाही, ती एका मर्यादेवर स्थिरावते, तापमानालाही हिसका बसत नाही.

मग हे अधिकचे पाणी? अप्कायाची विराधना निष्कारण करणे हा अनर्थदंड आहे, हे निराळे सांगायला नको. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्याची सोय आधी ठरवावी, नळी मागाहून जोडावी. नायट्रेटयुक्त पाणी झाडांना उत्तम खत आहे; ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनी ते पिंपात साठवून शौचालयासाठी व फरशीसाठी वापरावे. घरात रोज 48 लिटरचा असा वापर होत नसेल तर ड्रीपर रोज काही तासच चालू ठेवावा.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. वर्षानुवर्षे दुर्लक्षित पेटीत पाणी आम्ल झालेले असते व त्यात अमोनिया कमी घातक रूपात साचून राहतो. अशा पेटीत एकदम पुष्कळ ताजे पाणी घातल्यास आम्लता झपाट्याने उतरते, तोच अमोनिया विषारी रूप घेतो आणि मासे तासाभरात तडफडू लागतात. लोक दोष नव्या पाण्याला देतात. थकलेले कर्ज हप्त्यांनी वसूल करावे तसे येथेही पहिले काही आठवडे दिवसाला दहा-पंधरा लिटरच जाऊ द्यावे.

जमिनीवर पाणी सांडण्याची भीती गृहिणींना वाटते, ती रास्त आहे. विजेच्या झडपेवर विसंबू नये; ती उघडी अडकली की घरात पूर येतो. ड्रीपर मात्र मुळातच ताशी दोन लिटरच्या पुढे जात नाही. निकासाचे तोंड पानाने किंवा गोगलगायीने बंद झाले तरी वर्णन केलेल्या पेटीत पाणी एक सेंटिमीटर चढण्यास जवळजवळ चार तास लागतात. काठाखाली पाच सेंटिमीटर जागा असल्यास अठरा तासांची सवड मिळते. निकासावर जाळी हवीच. आणि नळीचे टोक पाण्यात बुडवू नये, पृष्ठभागाच्या वरच ठेवावे. अन्यथा गच्चीवरची टाकी रिकामी होताच पेटीतील पाणी उलटे खेचले जाऊन घरच्या पिण्याच्या नळात येऊ शकते.

ठिबकाने तळाची घाण निघत नाही, गाळणयंत्रही धुवावेच लागते. आणि माशांना औषध देताना ठिबक बंद ठेवावी लागते, नाहीतर औषधच वाहून जाते. शिखरजी किंवा पालिताण्याच्या यात्रेस आठ-दहा दिवस जाणार असाल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान दोन आठवडे आधी यंत्रणा चालू करून पाहावी. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना दोनच गोष्टी सांगाव्यात: जाळी रोज पाहा आणि खाद्य मी मोजून ठेवलेल्या पुड्यांपेक्षा एक कणही अधिक टाकू नका.