तक्रार ऐकली, बोट सोडली

जून १८३९. इंग्लंडमधल्या रुजली गावाजवळ कालव्यात ३७ वर्षांच्या क्रिस्टिना कॉलिन्सचा मृतदेह सापडला. नवऱ्याकडे लंडनला निघालेली ही बाई मालवाहू बोटीने जात होती. खलाशी म्हणाले, तिने स्वतःच जीव दिला. कॉरोनरच्या ज्युरीला ते पटलं नाही; १८४० मध्ये दोघांना फाशी झाली. खटल्यात वाटेतल्या ठाण्यांवरचे लोक साक्षीला आले होते. दारू प्यायलेल्या खलाशांची तिने त्यांच्याकडे तक्रार केली होती.

मी सॉफ्टवेअरवाला. तक्रार नोंदवली की आपलं काम झालं, ही सवय आमच्यातही आहे. म्हणून मला हे साक्षीदारच जास्त खटकतात. कोर्टात त्यांना सगळं नीट आठवलं. मग त्या संध्याकाळी तिला बोटीतून उतरवून का घेतलं नाही?