पिझ्झा आणि जादा गोळी

आमच्या गावात कॉलेज रोडवर दिवाळीनंतर पिझ्झाचे नवे ‘फॅमिली रेस्टॉरंट’ उघडले. परदेशी कंपन्यांनी १९९६ साली दिल्ली-बंगळूरला अशी दुकाने काढली होती. ती हवा आमच्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागली. तोपर्यंत बेकरीतल्या तयार बेसवर कांदा-सिमला मिरची आणि वर किसलेले चीज, हाच आमचा पिझ्झा.

या सदरातून मैदा आणि थंड पेयांवर मी इतके लिहिले आहे, की तिथे जायला मला संकोच वाटत होता. पण पुण्याहून सुट्टीला आलेली मुलगी ऐकेना. रविवारी संध्याकाळी साडेसातला सौ., मुलगी आणि मी जाऊन बसलो. पाहतो तर निम्मे टेबल माझ्या दवाखान्यातले! रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या एका काकूंनी मला पाहताच मेनूकार्ड तोंडासमोर धरले.

चव चांगली होती, हे आधी कबूल करतो. सौ.च्या अंदाजाने मध्यम आकाराच्या एका पिझ्झ्याला चार-पाच पोळ्यांच्या पिठाइतका मैदा लागतो. चीजमधून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, पण त्यासोबत स्निग्धांश आणि मीठही येते. मीठ सॉसमध्ये आणि बेसमध्येही असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. मेनूकार्डामागच्या काकूंसाठी हे लिहिले आहे.

पण आजचा विषय तो नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त गुरुजी नातवाच्या वाढदिवसाला सहकुटुंब आले होते. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. (त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे.) पहिल्याच आठवड्यातली गर्दी, ऑर्डर येईना. सव्वाआठच्या सुमारास पाहिले, तर गुरुजींच्या कपाळावर घाम, हात थरथरताहेत, नातू काय विचारतो ते त्यांना समजत नाही. सूनबाई म्हणाल्या, “बाबांना एसीचा त्रास होतोय.” गाडीतल्या बॅगेतून ग्लुकोमीटर आणून तपासले. शुगर ५४.

हाताशी काय होते? नातवाच्या पुढ्यातले थंड पेय. ज्याच्याविरुद्ध मी वर्षानुवर्षे ओरडतो, तेच गुरुजींना पाजले. पंधरा मिनिटांनी ८३ झाली आणि गुरुजी भानावर आले. मग हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर, रागावू नका. आज बाहेर खायचे, म्हणून दुपारी जेवलो नाही आणि सहालाच दोन गोळ्या घेतल्या.”

वाचकहो, ही जादा गोळी गुरुजींची एकट्याची नाही. लग्नाचे जेवण, पुरणपोळी, आमरस. ‘आज एक गोळी जास्त’ हा हिशेब मी पुष्कळ घरांत पाहतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती पाहत नाही. तिचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हातारपणी आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर अधिकच. उपाशीपोटी दुप्पट गोळी म्हणजे जिवाशी खेळ.

गुरुजींनी नंतर दोन तुकडे खाल्ले. मीच खा म्हणालो, कारण गोळ्यांचा जोर संपला नव्हता. रात्री पुन्हा शुगर उतरेल या भीतीने दर दोन तासांनी तपासायला सांगितले. साडेदहाला १४६. मुलगा खूश. रात्री अडीचला त्याचा फोन आला, २४८! पिझ्झ्याची ही खोड लक्षात ठेवा. चीज-तेलामुळे पोट सावकाश रिकामे होते आणि मैद्याची साखर उशिरा, बराच वेळ रक्तात उतरत राहते. दोन तासांनी तपासून ‘मला पिझ्झा चालतो’ म्हणणारे इथे फसतात. म्हणून शुगर उतरली असता पिझ्झा किंवा चॉकलेट कामाचे नाही. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती दुसऱ्याच कारणाने. गुरुजींच्या केसपेपरवर माझ्याच हाताने लाल शाईत लिहिले आहे, ‘हॉटेल, बेकरी, गोड पूर्ण बंद’. इतके कडक लिहिले की ते मला विचारायला आलेच नाहीत. नातवाच्या वाढदिवसाला आजोबा नुसते पाणी पीत बसतील, असे मी धरून चाललो होतो काय? मी ओरडेन म्हणून माझे पेशंट खरे सांगत नाहीत आणि मी खोट्यावर डोस ठरवतो. आमच्या कित्येक व्यवसायबंधूंना हे पटणार नाही. सवलत दिली की लोक हात धरून खांद्यावर बसतात, असे ते म्हणतात. बसतही असतील. तरीही मला ती ५४ परवडत नाही.

परवा गुरुजी आले, तेव्हा लाल ओळ खोडली. निळ्या शाईत लिहिले: महिन्यातून एकदा, पातळ बेसचे दोन तुकडे, आधी काकडी-टोमॅटो, थंड पेय नाही, दुपारचे जेवण चुकवायचे नाही, गोळी नेहमीइतकीच आणि जेवण समोर आल्यावर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळ आणि मात्रा आपापल्या डॉक्टरांनाच विचारावी. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “आणि आमरस?”

म्हटले, आंबे येऊ देत, मग तुम्हीच विचारायला या.