पाठ केलेला देश

"कोणता विषय घेतलास?" असे कोणी विचारले आणि "भूगोल" असे उत्तर दिले, की विचारणाऱ्याचा चेहरा थोडा उतरतो. ज्याला इंग्रजी झेपत नाही आणि अर्थशास्त्र पेलत नाही त्याने घ्यावयाचा विषय, अशी भूगोलाची कलाशाखेत ख्याती आहे. नकाशे रंगवावेत, प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करावी, मार्क पदरात पाडून घ्यावेत. मीही याच हिशेबाने भूगोल घेतला, हे आधीच कबूल करून टाकतो. आज तक्रार करावयास बसलो आहे. पण ती विषयाविरुद्ध नाही, आपण तो ज्या रीतीने शिकतो त्या रीतीविरुद्ध आहे. आणि आरोपींच्या यादीत पहिले नाव माझेच आहे.

भारताचे क्षेत्रफळ ३२ लाख ८७ हजार २६३ चौरस किलोमीटर. दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २,९३३. उत्तरेकडील पर्वतमय प्रदेश, मैदानी प्रदेश, द्वीपकल्पीय पठार, किनारपट्टी आणि बेटे. कोणीही झोपेतून उठवले तरी हे मी म्हणून दाखवीन. शाळेतल्या बाईंनी हिमालयाला पहारेकरी केले, गंगेच्या मैदानाला धान्याचे कोठार केले आणि दख्खनच्या पठाराला 'प्राचीन व स्थिर' असे विशेषण दिले. ती विशेषणे आम्ही पदवीपर्यंत जपून आणली. समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटर, हेही पाठ. परवा कळले की तो आता ११ हजार ९८ किलोमीटर मानला जातो. समुद्र वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली. खाड्या, वळणे, खाचाखोचा धरून नव्याने मोजले आणि आकडा दीडपट झाला. नकाशा जितका दुरून पाहाल तितका देश सरळ आणि गुळगुळीत दिसतो, हे या एका आकड्यावरून समजायला हवे होते. आम्ही जुना आकडा खोडून नवा पाठ केला.

आता माझा अपराध सांगतो. पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीत माझ्या मामांची वाडी आहे. प्रथम वर्षाची परीक्षा देऊन २०२३ च्या मे महिन्यात मी तेथे गेलो होतो. घराच्या मागे चढावर गोठा, गोठ्याच्या वर वरकस जमीन, त्यावर गवताळ उतार. एका सकाळी मामा मला वर घेऊन गेले. उतारावर चंद्रकोरीसारखी वळलेली एक भेग होती, हाताची बोटे जातील एवढी. मामा म्हणाले, "अरं, ही गेल्या साली नव्हती. आणि हा आंबा बघ, खाली कलायला लागलाय. तुमच्या पुस्तकात काय सांगतात?" मी भेग ओलांडली आणि म्हणालो, "उन्हानं जमीन तडकते मामा." त्यावर मामा काही बोलले नाहीत. शिकलेल्या भाच्यापुढे काय बोलणार?

त्याच परीक्षेत 'भूस्खलनाची कारणे स्पष्ट करा' हा प्रश्न होता. त्याला मला चांगले मार्क मिळाले होते. तीव्र उतार, अतिवृष्टी, वृक्षतोड, मानवी हस्तक्षेप, सारे मुद्दे क्रमाने, अधोरेखित.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, ज्या दिवसांत रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळल्याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरली होती त्याच दिवसांत, मामांचा गोठा गेला. दोन म्हशी गेल्या. माणसे वाचली, कारण मामांनी आठवडाभर आधीच बिऱ्हाड शाळेच्या खोलीत हलवले होते. गोठ्यामागचा झरा अचानक गढूळ झाला, एवढे त्यांना पुरले. मला भूगोल येत होता आणि मामांना डोंगर येत होता, असा हा प्रकार आहे.

पुढे मी पुस्तके उघडली, तेव्हा कळले की सगळे तेथे होतेच, फक्त मी ते डोंगराशी जोडले नव्हते. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला, आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. घाटातून एस.टी. जाते तेव्हा खिडकीतून या थरांच्या पायऱ्या दिसतात. मध्येच तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीचा काळ. कठीण काळा पाषाण पाणी आत घेत नाही. त्याच्यावर साठलेली माती आणि मुरूम मात्र स्पंजासारखे पाणी पितात. चार दिवस धो धो पाऊस लागला की मातीचे वजन वाढते, कणाकणांतील पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि सगळा थर खालच्या कातळावरून घसरतो. त्यात कोणी उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापलेला असेल, ओहोळाची वाट बुजवलेली असेल, तर मग विचारावयासच नको. मामांच्या वाडीखाली रस्ता रुंद करताना पायथा उभा कापला होता. ज्यांनी कापला त्यांच्यातही कोणीतरी भूगोलाचा नाही तर निदान अभियांत्रिकीचा पदवीधर असेलच. त्यालाही मार्क चांगलेच मिळाले असतील.

वरची चंद्रकोरी भेग, कललेले झाड, गढूळ झालेला किंवा एकाएकी नवा फुटलेला झरा, चौकटीत अडकू लागलेले दार ही डोंगर सुटत असल्याची लक्षणे आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळात वायनाडचा डोंगर सुटला. दोन्ही ठिकाणी पुस्तक एकच नाव देते: पश्चिम घाट, तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर. पण माळीणचा खडक लाव्ह्याचा, तर वायनाडचा त्याहून कितीतरी जुना, पृथ्वीच्या पोटात भाजून रूपांतर झालेला. नकाशावरील एका तपकिरी रेघेत दोन निराळे डोंगर आहेत. दोघांच्याही अंगावर मातीचा जाड थर आहे आणि दोघांवरही तोच मोसमी पाऊस कोसळतो, एवढेच त्यांचे नाते.

आता 'प्राचीन व स्थिर' या विशेषणाकडे वळतो, कारण त्याच्यावर माझा विशेष राग आहे. आमच्या भागात हे विशेषण ऐकून म्हातारी माणसे हसतील. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. माझी आजी त्या वेळी लहान मुलगी होती. भांडी फळीवरून पडण्याचा आवाज ती आजही सांगते आणि आजही रात्री पेला काठावर ठेवू देत नाही. तो भूकंप धरणाच्या जलाशयाशी निगडित मानला जातो आणि या विषयावरील जगातल्या अभ्यासात कोयनेचे नाव घेतल्यावाचून पुढे जात नाहीत. बरे, कोयना अपवाद म्हणून सोडून देऊ. मग ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी? लातूर-उस्मानाबादचा तो भाग भूकंपाच्या दृष्टीने देशातील सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात गणलेला होता. हजारो माणसे मातीच्या धाब्याखाली आणि दगडी भिंतींखाली झोपेतच गेली. पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि तो 'पहिला विभाग'च रद्द झाला. देशात अगदी निर्धास्त असा एकही विभाग उरला नाही. शास्त्रज्ञांनी आपली चूक मान्य करून नकाशा दुरुस्त केला, याबद्दल मला आदरच वाटतो. आमच्या टिपणवह्यांत मात्र पठार अजून स्थिरच आहे.

हिमालयाची कथा याहून नवलाची आहे. आजोबांच्या देवघरात एक शाळिग्राम आहे. काळाभोर, गुळगुळीत, आत चक्राची खूण. तो नेपाळातील गंडकीच्या पात्रातून येतो, हे आजोबांना ठाऊक होते. ते चक्र म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एका शंखधारी प्राण्याचा जीवाश्म आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. म्हणजे जेथे आज जगातील सर्वांत उंच शिखरे आहेत तेथे एके काळी समुद्र होता. भारताची भूमी दक्षिणेकडून सरकत आली, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली, समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळून वर आला आणि हिमालय झाला. टक्कर अजून संपलेली नाही. आपण वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर पुढे सरकतच आहोत. मी हे घरी सांगितले तेव्हा आजीला वाईट वाटेल अशी भीती होती. ती म्हणाली, "मग देव आधी समुद्रातच होता की! शेषशायी म्हणतात ते उगाच?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ज्याला आपण अचल पहारेकरी म्हणतो तो असा घडत असलेला, भुसभुशीत, सतत ढासळणारा पर्वत आहे. उत्तराखंडातील जोशीमठ हे जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलेले गाव. तेथे जड बांधकामे करू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ साली लिहून ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील घरांना तडे जाऊन माणसे बाहेर काढावी लागली. मधली सत्तेचाळीस वर्षे त्या अहवालाचे काय झाले? माझ्या उत्तरपत्रिकेचे जे झाले तेच झाले असावे. तपासला, मार्क दिले, गठ्ठ्यात बांधला.

काही प्राध्यापक म्हणतील, मुलगा उतावीळ आहे. एवढा मोठा देश, वर्गीकरण केल्याशिवाय शिकवायचा कसा? हे मला मान्य आहे. पाच विभाग हवेतच. पण ते दार म्हणून हवेत, भिंत म्हणून नव्हेत. आमच्या जिल्ह्याचेच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून जेमतेम शंभर किलोमीटरवर, माणदेशात, पाचशेच्या आसपास. चेरापुंजीकडून राजस्थानकडे गेल्यासारखे वाटावे आणि प्रवास एका जिल्ह्यातला, एस.टी.च्या एका तिकिटाचा! कृष्णा अरबी समुद्रापासून सुमारे ६५ किलोमीटरवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ करून सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण पठाराचा पश्चिम काठ उंच आणि उतार पूर्वेकडे. तिची बहीण कोयना तशीच पूर्वेकडे वळून कराडला तिला भेटते; पण माणसाने तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडले, त्यावर वीज केली, आणि ते वासिष्ठीतून अरबी समुद्राला गेले. जे सह्याद्रीने होऊ दिले नाही ते आपण केले. यात अभिमान वाटावा असे आहे आणि काळजी वाटावी असेही आहे. या गोष्टीवर आमच्या वर्गात एकदाही वाद झाला नाही, कारण ती प्रश्नपत्रिकेत बसत नाही.

म्हणून माझी मागणी सांगतो. दरवर्षी भूगोलाची सहल दूर कोठेतरी जाते. किल्ला पाहतो, छायाचित्रे काढतो, परतताना खरेदी करतो आणि दुसऱ्याच्या अहवालावरून आपला अहवाल उतरवतो. त्या सहलीला माझा विरोध नाही, मीही गेलो आहे, मजा आली. पण वर्षातील चार रविवार आपल्याच तालुक्यासाठी ठेवावेत. विहीर खणणाऱ्याबरोबर एक दिवस बसावे. मुरूम कोठे संपतो, पाणी धरणारा मांजऱ्या कोठे लागतो आणि काळा फत्तर कोठे लागतो, हे त्याला कुदळीच्या आवाजावरून कळते. डोंगरउतारावरील वाड्यांत जाऊन झरे, भेगा, कललेली झाडे वहीत नोंदवावीत, आणि पावसाळ्याआधी ती वही तहसील कचेरीत नेऊन द्यावी. यात मराठीचे आणि इतिहासाचे विद्यार्थीही यावेत. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक होणार. स्पर्धापरीक्षेची पुस्तके तर ग्रंथालयातून मिळेनाशी झाली आहेत. कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर कधीतरी अशा वाडीचा अर्ज येणारच आहे. त्या वेळी 'उन्हाने जमीन तडकते' असा शेरा मारून तो परत जाऊ नये.

मामांनी नव्या गोठ्यासाठी ओढ्यापलीकडे एक जागा काढली आहे. "येऊन बघून जा," असा त्यांचा निरोप आला आहे. माझ्यावर त्यांचा अजून विश्वास आहे, याचेच मला नवल वाटते. येत्या रविवारी जाणार आहे. जागा सपाट आहे म्हणतात. पण वरचा उतार कसा आहे, झरा कोठे आहे आणि ओढा पूर्वी कोठून वाहत होता, हे आधी मामांनाच विचारणार आहे.