डीपी कुणा एकाची नसते



आमची डीपी परत जळाली. या रब्बीतली दुसरी वेळ. कांदा पोसायच्या टायमाला नऊ दिवस पाणी नाही. पारावर एकच सूर, "भंगार डीपी बसवली." मीही तेच म्हणत होतो. मग वही घेऊन हिशोब मांडला. तुम्हीही मांडा.

१०० केव्हीएची डीपी साधारण १३९ अँपिअर पेलते. आमच्या डीपीवर ५ एचपीच्या १८ मोटरी. एकीला साडेसात अँपिअर धरले तर झाले १३५. म्हणजे चालू मोटरींना ती कशीबशी पुरते. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, आणि अठराच्या अठरा मोटरींना ऑटो आहे! लाईट आली की सगळ्या एकदम उठतात. सातशे-आठशे अँपिअर. व्होल्टेज बसतं, मोटरी वेग घेत नाहीत, नुसत्या घुमतात आणि करंट ओढतच राहतात. इथं फ्यूज उडायला पाहिजे. तो उडत नाही, कारण किटकॅटमध्ये आपणच जाड तार पिळलेली. मग जळायला उरलं काय? डीपी.

प्रत्येकानं आपल्या वावरापुरतं शहाणपण केलं. सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे नऊ दिवस कोरडा कांदा.

आता साहेब लोकांनाही सांगतो. "ऑटो काढा" म्हणणं सोपं आहे. रात्रीची लाईट कुणी दिली? साप-बिबट्याच्या भीतीत दोन वाजता बटन दाबायला कोण जाणार? रात्रीच्या पाळीमुळं ऑटो आला, ऑटोमुळं डीपी गेली. मधलीच एक कडी धरून शेतकऱ्याला दोष देऊ नका. दिवसा लाईट द्या, निम्मे ऑटो आपोआप निघतील.

आणि कृषी सल्लागार मित्रांनो, तुमचं ड्रिपचं वेळापत्रक कागदावर झकास असतं. पण लाईट मध्येच गेली की व्हेंच्युरीतलं खत निम्म्या प्लॉटला मिळतं, निम्मा उपाशी. शिफारस करताना एकदा डीपीकडंही बघत जा.

हे गावापुरतंच नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. काही लाईन आधीच बंद, पाऊस कमी म्हणून पंपांचा लोड जास्त, काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. त्यात बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली आणि ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकदम अंधारात. लाईन एक, अंधार कोट्यवधींना.

आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. डिले असलेला ऑटो घ्या आणि प्रत्येकानं वीस-वीस सेकंदांच्या फरकानं लावा; अठरा मोटरी सहा मिनिटांत चालू होतात. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवा, चालू मोटरीचा करंट कमी होतो. किटकॅटमध्ये जाड तार टाकू नका, वायरमनकडून योग्य मापाची फ्यूज वायर टाकून घ्या.

मी माझ्या ऑटोला चाळीस सेकंद लावलेत. पण बाकीच्या सतरा मोटरी एकदम उठल्या तर माझ्या चाळीस सेकंदांना काय अर्थ? म्हणून हे लिहिलं. तुमच्या डीपीवरच्या ग्रुपला टाका.