एक पेटी, चार हात

आमच्या माडीवर वडिलांनी बेळगावहून आणलेली पेटी आहे. तिच्या दोन पट्ट्या पावसाळ्यात अडकतात आणि भात्याला एका कोपऱ्यात ठिगळ लावलेलं आहे. लहानपणी ही पेटी आम्ही दोघी बहिणी मिळून वाजवायचो. मिळून म्हणजे काय, तर अक्का दोन्ही हातांनी पट्ट्यांवर आणि मी शेजारी बसून भात्यावर. पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला असतो, तो मोकळा करायचा तर दुसरं माणूस लागतं. ते दुसरं माणूस मी. मला पट्ट्यांना हात लावू द्यायची नाही ती. जागा कमी, सतरंजी लहान, आमची कोपरांची मारामारी ठरलेली.

अक्का लग्न होऊन हुक्केरीला गेली. आपल्या भागात हुक्केरी म्हणजे सासर लांब म्हणायची सोय नाही. पण घर कन्नड, पेटी नाही. पन्नास वर्षांत ती इतकी कन्नड झाली की आमची आई थट्टेनं म्हणायची, हिला आता माहेरी आल्यावर दुभाष्या लागेल.

गेल्या दिवाळीनंतर अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं. पाय थोडा सावरला. बोलण्यातले काही शब्द परत आले, ते सगळे कन्नड. नीर, साकु, बा. सध्या ती माझ्याकडे आहे. आईच्या घरात, आईच्या खाटेवर बसून माझी सख्खी बहीण माझ्याकडे पाणी मागते ते सासरच्या भाषेत. मी कन्नडमध्येच उत्तर देते, मला येतंच. दोन भाषा येणाऱ्या माणसाला असा झटका आला की कधी एक भाषा आधी परतते, कधी दुसरी, कधी दोन्हींची मिसळ होते, हेही आता ऐकून माहीत झालंय. तरी रात्री उशीला डोकं टेकलं की ते लागतं. उगाच का सांगू नाही म्हणून?

मागच्या महिन्यात अक्काची नात बेंगळूरहून आली. ती पियानो शिकते. तिनं अज्जीला ऐकवायला म्हणून फोनवर एक ध्वनिमुद्रण लावलं. एकाच पियानोवर दोघी बहिणी वाजवतात, म्हणाली. कातिया आणि मारिएल लाबेक. मला नावं नवीन होती. फ्रान्सच्या अगदी नैऋत्येच्या टोकाला आंदाय नावाचं गाव आहे, तिथे त्या वाढल्या. मधे बिदासोआ नदी, पलीकडे स्पेन. आई इटालियन आणि स्वतः पियानोवादक. आता दोघी सत्तरीच्या पुढे आहेत.

संगीत होतं मॉरिस रावेल याचं. नाव ‘मा मेर ल्वा’, शब्दशः ‘माझी आई हंसीण’. आपण ‘आजीच्या गोष्टी’ म्हणू. हा रावेलही त्याच मुलखातला. 1875 साली सिबूर या समुद्रकाठच्या गावात जन्मला, स्पेनची हद्द तिथून जवळच. तीन महिन्यांचा असताना घर पॅरिसला हललं, पण आई बास्क होती, तिचा बराच काळ माद्रिदमध्ये गेलेला. पोराच्या कानावर पडली ती तिची स्पॅनिश गाणी. आपल्याकडची पोरं पुण्याला वाढतात आणि आईच्या ‘बा इल्ली’वर ओ देतात, तसंच काहीसं.

‘मा मेर ल्वा’ त्यानं लिहिलं ते मित्राच्या दोन मुलांसाठी. मिमी आणि जाँ गोदेब्स्की ही बहीणभावंडं पियानो शिकत होती आणि रावेल त्यांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचा. 1908 मध्ये पहिला तुकडा झाला, झोपी गेलेल्या राजकन्येचा, सगळा मिळून वीस मात्राखंडांचा. 1910 पर्यंत आणखी चार झाले. लहान हातांना पेलतील असे सूर, मोठ्या उड्या नाहीत. जाहीर कार्यक्रमात या दोघांनीच वाजवावं अशी त्याची फार इच्छा, पण मिमीला नुसत्या कल्पनेनंच धडकी भरली. शेवटी 20 एप्रिल 1910 रोजी पॅरिसमध्ये ते वाजवलं दुसऱ्याच दोन मुलींनी. त्यातली जान लल्यू तेव्हा अकरा वर्षांची होती. मिमीची मला दया आली. इतक्या मायेनं कुणी आपल्यासाठी काही करावं आणि आपल्याला ते गृहपाठासारखं वाटावं, हे मुलांच्या बाबतीत होतंच.

चार हातांच्या पियानोची तऱ्हाच घरगुती. रेडिओ आणि तबकड्या घरोघरी पोचण्याआधी युरोपात मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत लोक असंच ऐकत. चार हातांसाठी बेतलेली प्रत आणायची आणि नवराबायकोनं, बहिणींनी, मायलेकींनी एका बाकावर बसून वाजवायची. क्लोद दब्यूसीची ‘प्तित स्वीत’ 1889 ची. गाब्रिएल फोरेची ‘डॉली’ 1893 ते 1896 मधली. डॉली म्हणजे एम्मा बार्दाक यांची छोटी मुलगी, आणि याच एम्माबाई पुढे दब्यूसीच्या बायको झाल्या. (कुटुंबाच्या पानावर एवढं चालतं.)

रावेल आणि दब्यूसी यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणतात. शब्द चित्रकारांचा, दब्यूसीला तो आवडत नसे. मला त्यातलं कळलं ते इतकंच. हिवाळ्यात सकाळी हिरण्यकेशीवर धुकं असतं तेव्हा पूल दिसतो, पण त्याच्या कडा दिसत नाहीत. या संगीतात सूर असे कडा सोडून येतात. एक गोष्ट मात्र स्वच्छ ऐकू आली. जंगलात हरवलेल्या लहानग्याच्या गोष्टीत तो वाट सापडावी म्हणून पावाचा चुरा टाकत जातो आणि पाखरं तो खाऊन टाकतात, तिथे खरंच वरच्या पट्ट्यांवर पाखरं चिवचिवतात. अक्का हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली.

मग तिसरा तुकडा लागला, चिनी मातीच्या बाहुल्यांच्या राणीचा. नात म्हणाली, यात वर बसलेल्याची बोटं बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच असतात. पूर्वेकडचा बाज आणायला रावेलनं पाच स्वर घेतलेत. पाच स्वर म्हटल्यावर माझे कान टवकारले. पेटीवर काळी तीनला सा धरा आणि नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवत जा, सा रे ग प ध. भूप झाला की! हुक्केरीकडच्या मंडळींना कर्नाटक संगीतातलं नाव हवं असेल तर मोहन. आमच्या अक्काची शिकवणी भूपापासूनच सुरू झाली होती. तो तुकडा चालू असताना तिच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती.

रावेलविषयी नातीनं आणखी एक सांगितलं, ते मी नंतर नीट वाचून काढलं. 1933 च्या सुमारास त्याला मेंदूच्या आजारानं धरलं. शब्द सापडेनात, सही करता येईना, सुचलेलं कागदावर उतरेना. डोक्यात संगीत असून हात चालत नव्हते. 1937 च्या डिसेंबरात मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. त्याला तपासणारे डॉक्टर थिओफिल आलाजुआनिन यांनी 1948 साली लिहून ठेवलंय की, त्याची रचना कुणी वाजवताना जराशी चूक केली तरी रावेलला ती लगेच कळायची. बोलून सांगणं मात्र जड जायचं.

ते वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी माडीवरून पेटी खाली आणवली. धूळ झटकली. उंदरांनी भात्याला हात लावला नव्हता, नशीब. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (1917-2010) यांच्यासारख्या माणसानं अख्खं आयुष्य पेटीला वाहिलं, त्या जिल्ह्यात पेटी माडीवर धूळ खात ठेवायची म्हणजे पापच. गंमत म्हणजे ही आपली वाटणारी पेटीसुद्धा मूळची पॅरिसची. 1840 च्या सुमारास आलेक्झांद्र दबें यानं हार्मोनियम बनवली. ती पायानं भाता मारायची होती, हातानं वाजवायची पुढे कलकत्त्याला झाली. पायपेटीच राहिली असती तर अक्काला माझी गरज लागली नसती.

आता मात्र अदलाबदल. उजवा हात चालत नाही म्हणून अक्काला माझ्या उजव्या बाजूला बसवलं, डावा हात भात्यावर ठेवून दिला. क्षणभर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाता ओढला. साठ वर्षांनी मला पट्ट्यांना हात लावायला मिळाला. काळी तीन, काळी चार, काळी पाच. एका बोटानं, शाळेतल्या पोरासारखं. तिचा श्वास आणि भात्याचा श्वास एकाच लयीत चालला होता. मधेच मी काळी दोनच्या जागी पांढरीवर बोट टाकलं, तशी भाता थांबला. सूर मेला. मी बोट उचललं, बरोबर जागी ठेवलं, भाता पुन्हा सुरू.

नात दारात उभी राहून बघत होती. आमची कोपरं एकमेकींना लागत होती. अंग भरलेलं, आणि सतरंजी तीच.

“सरि,” अक्का म्हणाली.

कन्नड येणाऱ्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. सरि म्हणजे बरोबर, आणि सरि म्हणजे सरक. बरोबर वाजवतेस म्हणाली की तिकडे सरक म्हणाली, मला काही कळलं नाही. मी थोडी सरकले आणि वाजवत राहिले.