गोळ्या फुकट मिळतात, मग अजून काय पाहिजे?

मंडळी, या ग्रुपवर आपण कुंदा, मांडे, गणपतीची मिरवणूक, खडेबाजारातली जुनी दुकानं अशा आठवणी लिहितो. मीही लिहिल्या आहेत. आजची आठवणसुद्धा बेळगावातल्या मराठी घरातलीच आहे, पण गोड नाही. पोस्ट लांब आहे. पोरं असलेल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझा भाऊ २००३ ला गेला, वहिनी २००५ ला. दोघांनाही एचआयव्ही होता. कसा झाला ते मी लिहिणार नाही. सगळे आधी तेवढंच विचारतात, आणि त्या उत्तराचा मागं राहिलेल्या पोराला काडीचा उपयोग नसतो. सरकारनं मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून द्यायला सुरुवात केली, पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि आपलं कर्नाटकही. भाऊ त्याआधीच गेला होता. वहिनीला औषध मिळू शकलं असतं, पण आम्ही लाजेपायी उशीर केला. २००७ ला त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाची तपासणी झाली. त्यालाही निघाला. तो माझ्याकडे वाढला. त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं हे सगळं वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली आणि मग म्हणाला, "टाक आता."

औषधाची बाटली घरी आली की मी तिचं लेबल सोलून टाकायची आणि बाटली कुंद्याच्या रिकाम्या डब्यात लपवायची. शेजारीण आली तरी कळू नये म्हणून. पोरानं विचारलं की सांगायची, "ताकदीच्या गोळ्या हाईत, गप गीळ." दहा वर्षं हेच सांगितलं. दर महिन्याला शाळा बुडवून दवाखान्यात जायचं, रांगेत उभं राहायचं, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या. हिशेब बरोबर आला की पुढच्या महिन्याच्या गोळ्या. ताकदीच्या गोळ्यांना एवढी रांग कशाला, हे त्या पोराच्या मनात किती वेळा आलं असेल!

मोठा झाल्यावर त्याला रात्री झोपताना घ्यायची एक गोळी सुरू झाली. तिच्यात एफाविरेंझ होतं. त्यानं चित्रविचित्र स्वप्नं पडतात, सकाळी गरगरतं. हा त्या औषधाचा माहितीतला त्रास आहे. आम्हाला मात्र कुणी सांगितला नाही, आणि स्वप्नं पडतात का, असं त्याला कुणी विचारलंही नाही. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला तो वर्गात झोपायला लागला. सरांना वाटलं मोबाईल. मलाही तसंच वाटलं.

२०१८ मध्ये एकदा मी लेबल सोलायला विसरले. त्यानं नाव वाचलं, मोबाईलवर शोधलं आणि एका मिनिटात त्याला सगळं कळलं. आईबाप कशानं गेले तेसुद्धा. सतरा वर्षांचं पोर, जवळ कुणी नाही. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या रात्रीपासून रोजची गोळी मोरीत टाकायला लागला. चार महिन्यांनी टीबी झाला, सीडी-फोर घसरला, तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर मला म्हणाला, "धा वर्सं मला खोटं सांगालतीस व्हय गे आत्या?"

यावर मी आजही उत्तर शोधते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या वर्षी एका लग्नात आमच्याच एका नातेवाइकानं मला ऐकवलं, "सरकार गोळ्या फुकट देतंय, मग अजून काय पाहिजे?" ऐका, काय पाहिजे ते.

पोराला वेळेवर सांगायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ लाच सांगून ठेवलंय की शाळेच्या वयात, समज येईल तसं, मुलाला त्याचा आजार सांगावा. आपण म्हणतो, "लहान आहे, कोमेजेल." आमचं पोर कोमेजलं ते न सांगितल्यानं.

त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला पाहिजे. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, पण समोर शंभराची रांग आणि बोलणं सगळं कन्नडमधून. आमच्या पोराचं कन्नड बाजारापुरतं. 'सोंकु' म्हणजे संसर्ग, हे मला स्वतःला चाळिशीत कळलं. कन्नडशी माझं भांडण नाही. पण दवाखान्यात मराठीतून समजावणारं माणूस द्या, ही मागणी आपल्या किती निवेदनांत होती? पाट्यांसाठी मीही मोर्च्यात चाललेय, म्हणून विचारते. आणि खरं सांगायचं तर घरात कुठं कन्नड होतं? त्याला सांगितलेलं खोटं अस्सल मराठीतलंच होतं.

अठराव्या वर्षी त्याला एकदम मोठ्यांच्या रांगेत ढकलू नका. आधीपासून तयारी करा. झोप, अभ्यास, मनाची हालत विचारा. त्याच्यासारखी चार पोरं त्याला भेटू द्या. आमच्याला पहिला असा मित्र टीबीनंतर भेटला. माझ्या शंभर समजुतींनी झालं नाही ते त्या मित्राच्या गप्पांनी झालं.

आणि "लग्नाचं काय?" विचारणाऱ्यांनो, रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. हे जगभर सिद्ध झालंय. वयात आलेल्या पोराला हे कुणी सांगितलं नाही, तर तो आयुष्यभर स्वतःला विष समजत राहतो.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेत, नोकरीत, भाड्याच्या घरात भेदभाव करायला त्यानं बंदी घातलीय. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: अशा घरातलं बारा वर्षांवरचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक होऊ शकतं. कायदा बारा वर्षांच्या पोरावर एवढा भरवसा ठेवतो. मी सतरा वर्षांच्या पोराला त्याच्या गोळीचं नाव सांगितलं नव्हतं.

आज तो चोवीस वर्षांचा आहे. नोकरी करतो. गोळी बदललीय, डोल्युटेग्राव्हिरची, स्वप्नं थांबली. बाटली लेबलासकट फळीवर असते. दवाखान्यातून अहवाल आला की आधी तो वाचतो, मग मला सांगतो.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, आणि असतंच, तर कसा झाला ते विचारू नका. पोराला सांगितलंय का, एवढंच विचारा. सांगायला कुणी सोबत पाहिजे असेल, तर मला इनबॉक्स करा. मी येईन.