ऑक्सिजन सेन्सरची निवड : किंमत नव्हे, इंजिन पाहावे

शेंद्रा येथे २००१ सालापासून स्कोडा मोटारींचा कारखाना चालू आहे; मोटारीच्या सुट्या भागांची नावे आता तेथील शेतकऱ्यासही परकी नाहीत. परंतु दारी उभी असलेली मोटारसायकल, ट्रॅक्टर व फवारणी पंप या तिन्हींना एकाच तऱ्हेचा ऑक्सिजन सेन्सर लागतो, हा समज चुकीचा असून खर्चाचाही आहे.

सायलेन्सरच्या नळीतील सेन्सर धुरात शिल्लक राहिलेला प्राणवायू ओळखतो. पेट्रोलच्या एका भागास वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. मिश्रणात पेट्रोल अधिक झाल्यास साधा सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट देतो, हवा अधिक झाल्यास सुमारे ०.१ व्होल्ट. किती अधिक, हे मात्र त्यास सांगता येत नाही. ते सांगणारा रुंद पट्ट्याचा सेन्सर महाग असतो व त्यास स्वतंत्र नियंत्रक लागतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत साधा सेन्सर आला. तो बिघडल्यास मूळ जातीचाच घालावा. महाग तो चांगला म्हणून दुसरा बसविल्यास गाडीच्या नियंत्रकास त्याचा संदेश उमगत नाही. उलटपक्षी, हीटरच्या जागी बिनहीटरचा स्वस्त सेन्सर घालणे हा निव्वळ तोटा होय, कारण सुमारे ३०० अंश तापल्याखेरीज सेन्सर काम देत नाही. मात्र बदलण्यापूर्वी नळीचे जोड अवश्य पाहावेत. फटीतून बाहेरची हवा आत शिरली की नियंत्रक विनाकारण पेट्रोल वाढवितो, आणि दोष बिचाऱ्या सेन्सरच्या माथी येतो.

पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलसाठी निराळा सेन्सर घेण्याचे कारण नाही. इथेनॉलला हवा कमी, सुमारे ९ भागच लागते हे खरे. परंतु सेन्सर इंधन पाहत नाही, उरलेला प्राणवायू पाहतो.

डिझेल इंजिन नेहमी जादा हवेवर चालते. तेथे साधा सेन्सर सदैव एकच उत्तर देईल. यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरवर तर ते ऐकणारेही कोणी नाही. काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर व नोझल तपासावेत. टू-स्ट्रोक फवारणी पंपात ताजी हवा न जळताच धुरात निसटते, म्हणून तेथील मोजणी फसवी ठरते.

रुंद पट्ट्याचे उपकरण घ्यावयाचेच तर ते एकट्या शेतकऱ्याने न घेता गावच्या गॅरेजने वा सहकारी संस्थेने घ्यावे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारसायकली व फोर-स्ट्रोक पाणीपंप त्यावर पाळीपाळीने जुळवून घेता येतील.